तरणतलावातील शेवाळ आणि मोरचूद

बंगल्याच्या आवारातील तरणतलावात कडक ऊन, संथ पाणी आणि अपुरे क्लोरीन एकत्र आले की भिंतींवर बुळबुळीत हिरवा थर धरू लागतो. त्यावर तांबेयुक्त शेवाळनाशक हा जुना उपाय आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये जलाशयांतील शेवाळासाठी मोरचुदाची शिफारस केली होती. तांब्याचे आयन शेवाळाच्या पेशीत शिरून प्रकाशसंश्लेषणात आणि विकरांच्या कार्यात अडथळा आणतात.

मात्रा मात्र अत्यल्प असावी लागते. पाण्यात तांबे लिटरमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम एवढे पुरते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८ हजार लिटर पाणी मावते. मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के असते. त्यामुळे ०.३ मिलिग्रॅमची पातळी गाठण्यास जेमतेम ५७ ग्रॅम मोरचूद लागते. ते प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून तलावात सोडावे. लोखंडी भांडे वापरू नये, डोळे जपावेत आणि क्लोरीनच्या भुकटीत ते कोरडे मिसळू नये.

पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ दरम्यान राखावा. तो वाढल्यास तांबे साक्याच्या रूपाने बाहेर पडते आणि गिलाव्यावर निळसर-हिरवे डाग उमटतात. पाणी फार क्षारयुक्त असल्यास हा धोका अधिक. सोनेरी वा पांढऱ्या केसांवर चढणारी हिरवट झाकही क्लोरीनची नव्हे, तांब्याची असते.

बाष्पीभवनाने पाणी उडते, तांबे मागे राहते. म्हणून दर आठवड्याला ठरावीक मात्रा ओतत राहणे चुकीचे होय. चाचणी संचाने पातळी तपासूनच पुढची मात्रा द्यावी. पातळी वाढलीच, तर काही पाणी काढून ताजे भरणे हा सरळ मार्ग. मात्र ते पाणी विहीर, ओढा वा मत्स्यतळ्यात सोडू नये. माणसाला निरुपद्रवी ठरणारी मात्राही मासे व गोगलगायींना घातक ठरू शकते.

तांबे हा क्लोरीनला पर्याय नाही, कारण जंतूंवर त्याचा परिणाम फार सावकाश होतो. भिंती घासणे, गाळणी स्वच्छ ठेवणे आणि क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राखणे एवढे नियमाने केल्यास मोरचुदाची गरज क्वचितच भासते.