दाबोळी ते लिस्बन : अंतर किती, वेळ किती?

मंडळाच्या मागच्या बैठकीत एकाने सहज विचारले, दाबोळीहून लिस्बन किती लांब? घरी येऊन मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, मग अक्षांश-रेखांशावरून हिशेब केला. सरळ अंतर भरते सुमारे 8,340 किलोमीटर. आजचे जेट विमान न थांबता गेले, तर साडेनऊ-दहा तास. पण 1955 च्या गोव्याला हे उत्तर लागू पडत नाही, म्हणून हे टिपण.

त्या वर्षी 15 ऑगस्टच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि भारताने सरहद्द बंद केली. आर्थिक कोंडी आधीपासून होतीच. मुरगावहून कुळे, कॅसलरॉकमार्गे लोंढ्याला जाणारी आगगाडीही थांबली. त्याच 1955 साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. त्याला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव दिले होते. टाइप या नावाने ओळखली जाणारी पोर्तुगीज इंडियाची विमानसेवाही तेव्हाचीच. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात, पुढे थेट लिस्बनपर्यंत.

कराचीमार्गे म्हटले की मोठा वळसा वाटतो. पण मोजून बघा : दाबोळी-कराची सुमारे 1,270 किलोमीटर, कराची-लिस्बन 7,170. म्हणजे सरळ अंतराहून जेमतेम शंभर किलोमीटर जास्त. वेळ मात्र भरपूर लागे. टाइपकडच्या डीसी-4 विमानाचा वेग ताशी सुमारे 365 किलोमीटर. नुसते हवेतले तासच तेवीस होतात. वाटेत उतरून इंधन भरायचे ते वेगळेच.

आता मुंबई बघा. दाबोळीहून अवघी 425 किलोमीटर. त्याच डीसी-4 ला सवा तासही लागला नसता. पण ती वाट बंद. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा बापाच्या शेवटच्या दिवसांत घरी पोचू शकला नाही, अशा हकिकती मी लहानपणी घरातल्या मोठ्यांकडून ऐकल्या आहेत. लिस्बनला विमान जात होते आणि मुंबईचा माणूस येऊ शकत नव्हता!

18 डिसेंबर 1961 रोजी पुण्याहून, म्हणजे साधारण 355 किलोमीटरवरून, कॅनबेरा विमाने आली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या रात्री उरलेल्या पट्टीवरून दोन प्रवासी विमाने उडाली आणि कराचीला निसटली. एक टाइपचे, दुसरे पोर्तुगालच्या टॅपचे. टाइपचा गोव्यातला कारभार तिथेच आटोपला.

मुंबईची वाट मोकळी झाली, आणि आता लिस्बन लांब गेले. गोवा भारताचा हे पोर्तुगालने करार करून मान्य केले ते 1974 च्या अखेरीस. मधली तेरा वर्षे लिस्बनला नातलग असलेल्या घरांनी कशी काढली, ते आपल्या आसपासच्या वृद्धांना विचारून लिहून ठेवायला हवे. किलोमीटर काय, केव्हाही मोजता येतील.