तळटीप १४ : मलबेरी हार्ट
१४. मलबेरी हार्ट : धडधाकट, झपाट्याने वाढणारी डुकराची पिल्ले एकाएकी दगावतात तो रोग. शवविच्छेदनात हृदयावर रक्तस्रावाचे लाल-जांभळे पट्टे दिसतात, पिकल्या तुतीसारखे. नाव त्यावरूनच पडले. लेखक येथे याला खाद्यातली विषबाधा म्हणतो, पण पुरावा उलट सांगतो. हा कमतरतेचा रोग आहे, मुख्यतः ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांच्या. सेलेनियमची गरज क्लाउस श्वार्त्स यांनी १९५७ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवली; ते ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक आहे हे १९७३ मध्ये कळले. हे विकर पेशीतली पेरॉक्साइडे निकामी करते, ई जीवनसत्त्व पेशीपटलातल्या मेदाला जपते. दोन्ही आघाड्या ढिल्या पडल्या की अखंड राबणाऱ्या हृदयाच्या स्नायूला मार बसतो. आता, सेलेनियम स्वतःच विषारी, मग ते खाद्यात कशाला, असा आक्षेप घेतला जाई. तो पोकळ नव्हता: अमेरिकेत दक्षिण डाकोटाच्या सेलेनियमयुक्त चाऱ्यावर जनावरांचे खूर झडत. पण मिशिगनची माती याच बाबतीत दरिद्री, आणि तिच्यातल्या धान्यावर पोसलेल्या डुकरांना कमतरता भोवे. म्हणजे प्रश्न मात्रेचा. अमेरिकेत १९७४ साली डुकरांच्या खाद्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मुभा मिळाली, पुढे ती ०.३ वर गेली. विषबाधा साधारण ५ मिलिग्रॅमपासून पुढे दिसते. मात्र नुसते सेलेनियम घालून भागत नाही. ते पुरेसे असलेल्या कळपांतही हा रोग आढळला आहे, आणि खवट मेदाच्या खाद्यात ई जीवनसत्त्व आधीच खर्ची पडलेले असते.