चक्कीच्या घोड्याचं बियाणं

मशरूमच्या किटमध्ये असतं काय? खोक्यात पिशवी, पिशवीत लाकडाचा भुसा नाहीतर गव्हाचं काड, आणि त्यात पांढरी बुरशी गच्च पसरलेली. ब्लेडने चीर द्यायची, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. कोंडलेल्या बुरशीला मोकळी हवा लागली की टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटतात आणि आठ-दहा दिवसांत धिंगरीचा घोस तोडायला येतो. प्रकार अगदी आजचा वाटतो. माझ्या मते त्याचं कूळ इंग्लंडात, घोड्याने ओढायच्या चक्कीपाशी सापडतं.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत ‘मिल-ट्रॅक स्पॉन’, म्हणजे चक्कीच्या वाटेवरचं बियाणं, भेटतो. अशा चक्कीवर छप्पर असे. घोडा त्याच वाटेने गोल गोल फिरायचा, तिथेच लीद टाकायचा आणि तीच तुडवायचा. पावसाचा थेंब नाही, त्यामुळे लीद-माती थरावर थर दाबली जाई. बटण मशरूमला लीद मनापासून आवडते. ही वाट खणली की ढेकळांत मशरूमचे पांढरे तंतू मिळत, आणि माळी ती ढेकळं बियाणं म्हणून नेत. पहिलं ढेकूळ माळ्याने उचललं असेल असं मला वाटत नाही. तो चक्कीवरचा गडीच असणार. वाट खरवडायचं काम दुसरं कोण करणार?

पुढची पायरी विटेची. घोड्याची लीद, गाईचं शेण आणि माती कालवून चपट्या विटा थापायच्या. अर्धवट सुकल्या की भोक पाडून तंतू धरलेला तुकडा आत बसवायचा आणि विटा रचून उबेला ठेवायच्या. तंतू विटेभर फिरले की वीट खडखडीत वाळवायची. बुरशी मरत नसे, नुसती झोपे. या विटा बियाण्यांच्या दुकानांत मिळत. घेणारा तळघरात लिदीचा वाफा करी, वीट फोडून अक्रोडाएवढे तुकडे त्यात पुरी. बुरशी एकाने वाढवायची, झोपवून विकायची आणि दुसऱ्याने घरी ओल देऊन उठवायची, ही किटची सगळी युक्ती विटेत आहे. पॅरिसच्या दगडखाणींतली मशरूम नावाजलेली खरी, पण तो धंदेवाल्यांचा कारभार होता.

जपानचे चाहते शिइताके मशरूमचे ओंडके पुढे करतात. १९४२ साली किसाकू मोरी यांनी बुरशी धरलेल्या लाकडी खुंट्या ओंडक्यात ठोकायची रीत काढली. रीत सुरेखच. पण त्या ओंडक्याला पीक धरायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. किट घेणाऱ्याला एवढा धीर कुठला! त्यांचा दुसरा आक्षेप मात्र जड आहे: विटेला वाफा लागे, किट स्वतःचं अन्न घेऊन येतं. भुशाची शिदोरी लाकूड खाणाऱ्या जातींच्या घराण्यातली, हे मी मान्य करतो. धिंगरीही तिकडचीच. जर्मनीत रिखार्ड फाल्क यांनी १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, ती झाडांच्या बुंध्यांवर वाढवून दाखवली. तरी शिदोरी वेगळी आणि झोपवून विकणं वेगळं. मी कूळ शोधतोय ते झोपवून विकण्याचं.

वीट मागे पडली ती तिच्या बेभरवशीपणामुळे. आत कोणती जात आणि कोणता रोग, ते उगवल्यावरच कळे. १९०५ मध्ये अमेरिकेत डगर यांनी मशरूमच्याच गरातून शुद्ध बुरशी वाढवायची पद्धत मांडली आणि १९३२ साली पेनसिल्व्हेनियात सिंडेन यांनी उकडलेल्या धान्यावर स्पॉन करायचं पेटंट घेतलं. लिदीची जागा दाण्यांनी घेतली. आपल्याकडे स्पॉन करतात तो गव्हावर नाहीतर ज्वारीवर. दाणा ओला, निर्जंतुक, त्यावर पांढरी साय आणि वर कापसाचा बोळा; शेणमातीचा मागमूस नाही.

आणि तरीही दोन-तीन तोडे झालेली किटची पिशवी जाणकार लगेच टाकत नाहीत. आतला गठ्ठा निरोगी असला, हिरवी बुरशी लागलेली नसली, तर तो कुस्करून गरम पाण्यातून काढलेल्या, निथळलेल्या काडात मिसळतात, आणि धिंगरी पुन्हा धरते. विटेचे तुकडे वाफ्यात पुरणाऱ्या माळ्याला यातलं काही नव्याने शिकवावं लागलं नसतं.