राज्यसभेत कोण बसते?

श्रोतेहो, बोटाला शाई लावून आपण लोकसभेचा खासदार निवडतो. पण राज्यसभेच्या सभासदासाठी कधी मत दिल्याचे तुम्हांला आठवते का? आठवणार नाही, कारण तुमच्या वतीने ते मत तुमचा आमदार देत असतो.

ही सभा ३ एप्रिल १९५२ रोजी अस्तित्वात आली. १३ मे रोजी तिची पहिली बैठक भरली. घटनेने सभासदांची कमाल संख्या २५० ठरविली आहे. आज ती २४५ आहे : २३३ निवडून आलेले, १२ राष्ट्रपतींनी नेमलेले.

मग कोणत्या राज्याला किती जागा? अमेरिकेच्या सिनेटात राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाचे दोनच सभासद. आपल्या घटनाकारांनी मधली वाट काढली. पहिल्या पन्नास लाख लोकांपर्यंत दर दहा लाखांना एक जागा आणि त्यापुढे दर वीस लाखांना एक, असे माप धरले. लहानाला झुकते माप मिळाले, मोठ्याचा मोठेपणाही राहिला. आज उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे.

लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा कधीच नाही. सभासदाची मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सभासद निवृत्त होतात. विहिरीतले पाणी उपसले जाते, नवे झरते, विहीर मात्र कोरडी पडत नाही.

या सभेचा लाभ काय? १९५२ साली मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. पण आमदारांच्या मतांनी ते राज्यसभेत गेले आणि १९५६ मध्ये निधन होईपर्यंत तिचे सभासद होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर हे राष्ट्रपतींनी नेमलेले. निवडणुकीच्या धामधुमीत न उतरणारी विद्याही अशी संसदेत पोचते.

आता एक गोष्ट शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावी. पूर्वी उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा लागे. २००३ च्या कायद्याने ती अट गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. तेव्हा आपल्या राज्याचे दुखणे जाणणारा माणूस दिल्लीला धाडायचा की नाही, हे आता आमदारांच्या विवेकावर आहे. म्हणून आमदारकीचा उमेदवार दारी आला, की रस्त्या-पाण्याबरोबर एवढेही विचारा : बाबा रे, राज्यसभेवर तू कोणाला पाठवणार?