कुलगुरूंनो, परदेशी विद्यापीठांशी स्पर्धा करायचीय? मग एकदा हिंगण्याचा इतिहास वाचा



जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं देण्यात आली. अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात शिक्षणनगरी उभारायची योजना आहे. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पोरांना परदेशी विद्यापीठ आता आसनगावहून लोकलने गाठता येईल इतकं जवळ येणार. फी परवडेल का, हा प्रश्न वेगळा!

आता आपले कुलगुरू काय करणार? क्रमवारी, सामंजस्य करार, परदेश दौरे, हे सगळं ऐकतोच आपण. पण या प्रश्नाला महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने उत्तर दिलं होतं, ते आठवावं म्हणून ही पोस्ट.

थोडं मागे जाऊ. १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. सुरुवातीला काम मुख्यतः परीक्षा घेण्याचं आणि पदव्या देण्याचं, तेही इंग्रजीतून. म्हणजे आपलं विद्यापीठ जन्मापासूनच 'ग्लोबल'! त्यातून मोठमोठी माणसं घडली, हे मान्यच करायला हवं. पण ज्याला इंग्रजी येत नाही त्याला दार बंद. आणि बायकांचं तर विचारूच नका.

महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. पुण्याजवळ हिंगण्याला विधवा आणि मुलींसाठी त्यांचं काम चालू होतं. त्यांच्या हातात जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. इंग्लंडकडे न बघता त्यांनी आशियातल्याच एका देशाकडून धडा घेतला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. कॉलेजात विद्यार्थिनी किती? पाच!

त्यांनी जपानची कल्पना घेतली, पण नक्कल केली नाही. शिकवायचं मातृभाषेतून, आणि इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. जगाची भाषा शिकायची, पण तिच्यावाचून कुणाचं शिक्षण अडायला नको, असा हिशेब.

टीका झालीच. बायकांना वेगळा अभ्यासक्रम कशाला, दर्जा खाली जाईल, असं लोक म्हणाले. वेगळ्या अभ्यासक्रमाबद्दलची टीका मला आजही काही अंशी पटते. त्यातून सरकारमान्यता नाही. कायद्याची मान्यता मिळाली ती थेट स्वातंत्र्यानंतर. म्हणजे तीसेक वर्षं हे विद्यापीठ लोकांच्या देणग्यांवर आणि विश्वासावर चाललं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एसएनडीटी.

आणि मग १९२९ साली, सत्तरी गाठलेले अण्णासाहेब कर्वे बोटीने परदेशी निघाले. लंडनमध्ये भाषण, जिनिव्हात शिक्षण परिषद, डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला दुसरी परिषद, पुढे अमेरिका आणि शेवटी टोकियोचं ते महिला विद्यापीठ, जिथून सगळी प्रेरणा मिळाली होती. परत येऊन वर्ष होत नाही तोच आफ्रिकेचा दौरा, पंधरा महिन्यांचा. जगापुढे ते 'आम्ही तुमच्यासारखे झालो' असं सांगायला गेले नव्हते. 'आम्ही आमच्याकडे एक प्रयोग केलाय, तो ऐका' असं सांगायला गेले होते.

माझ्या मते आजच्या कुलगुरूंसाठी धडा हाच आहे. जगाशी स्पर्धा करायची तर आधी जगाला सांगण्यासारखं आपलं काहीतरी हवं.

ते आमच्याकडे आहे की! भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यातली, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर. यावर आमच्या कॉलेजातल्या पोरांनी परदेशी संशोधकांच्या बरोबरीने काम का करू नये? कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाजाचं जंगलाचं ज्ञान, आमची भातशेती, यावर अभ्यासक्रम का नसावा? विषय मराठीतून समजवा, आणि इंग्रजी पहिल्या वर्षापासून नीट शिकवा. सामंजस्य करार जरूर करा, पण त्याचा फायदा किन्हवली, डोळखांब, टोकावड्याच्या पोरीपर्यंत कसा पोचणार, हे त्याच कागदावर लिहा.

नाहीतर होईल काय, ज्यांच्याकडे पैसा आहे ते नवी मुंबईत परदेशी पदवी घेतील आणि आमची पोरं पदवी हातात घेऊन वासिंद-आसनगावच्या गोदामात पॅकिंगला उभी राहतील. त्या कामाला कमी लेखत नाही मी, पण त्यासाठी तीन वर्षं बी.ए. करायची गरज नव्हती.

कर्व्यांनी पाच मुलींवर सुरुवात केली होती. आमच्या दोन तालुक्यांत तर हजारो पोरं वाट बघतायत. कुलगुरू साहेब, परदेश दौऱ्याला जरूर जा, पण जाताना एक चक्कर शहापूर-मुरबाडला मारून जा. तिकडे काय सांगायचं, ते इथे सापडेल.

– एक सापगावकर