“लाइटचा प्रॉब्लेम आहे”

१३ जानेवारी २०१२. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ रात्री पावणेदहाला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर घासली. २९० मीटर लांबीचं जहाज, म्हणजे तरंगतं गावच. माणसं ४,२२९. त्यात दोनशेच्या आसपास आपले भारतीय कर्मचारी.

अशा जहाजावर सगळंच विजेवर. डिझेल इंजिनं वीज तयार करतात, त्या विजेवर पाण्यातले पंखे फिरतात, सुकाणू वळतं, पंप आणि स्वयंपाकघर चालतं. पोटाला ५३ मीटरची चीर पडली, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं आणि गाव अंधारात गेलं. आणीबाणीचा जनरेटरही नीट चालला नाही. प्रवाशांना मात्र सांगितलं, लाइटचा प्रॉब्लेम आहे! जहाज सोडायचा हुकूम तासाभराने आला. ३२ जण गेले. शेवटचा मृतदेह भारतीय वेटरचा, तो २०१४ साली सापडला.

त्या संध्याकाळी चढलेल्या सुमारे ७०० जणांची लाइफ जॅकेटची कवायत झालेलीच नव्हती. नियमातच २४ तासांची सवलत होती. २०१५ पासून ती गेली. आता कवायत निघण्याआधी, नाहीतर निघताक्षणी.

आपल्याला हे नवीन नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त जीव गेले. तरी परवा खाडी ओलांडताना बघितलं, लाँचवरची जॅकेटं छताला सुतळीने घट्ट बांधलेली. विचारलं, तर म्हणे, “लोक खराब करतात हो.”

मंडळी, पुढच्या वेळी तिकीट काढलं की आधी विचारा, जॅकेट कुठाय?