दक्षिणेचं कूळ

पुण्याच्या रमण्यावर श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा म्हणजे पेशव्यांचं दातृत्व, असं आपण धरूनच चालतो. ग्रँट डफचा 1826 चा इतिहास मात्र तिचं माहेर तळेगावला दाखवतो, दाभाड्यांच्या घरी. 1 एप्रिल 1731 ला डभईला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पहिल्या बाजीरावाशी लढताना पडले. भांडण गुजरातच्या वसुलीचं होतं. त्यानंतर तळेगावची वार्षिक ब्राह्मणपंगत पेशव्याने पुण्यात सुरू ठेवली, वर शास्त्री-वैदिकांना रोकडही दिली.

काहीजण ही प्रथा थेट शिवाजी महाराजांपर्यंत नेतात. असेलही. विद्वानांना मान देणारे राजे पुष्कळ झाले, पण मारलेल्या प्रतिस्पर्ध्याचा दानधर्म उचलून आपल्या गावी आणणारे किती? निव्वळ भाविकपणा म्हणणाऱ्यांनी सांगावं, पंगत दाभाड्यांचीच का उचलली? माझ्या मते बाजीरावाला पक्कं ठाऊक होतं की सेनापतीची फौज मोडली तरी त्याच्या घराण्याचा नावलौकिक मोडत नाही. तो जेवू घालूनच आपल्याकडे वळवावा लागतो. वाढदिवसाला वह्या वाटणाऱ्या आमदाराच्या ट्रस्टचा फ्लेक्स दिसला की मला हटकून डभई आठवते.

1818 ला राज्य गेलं, दक्षिणा राहिली. इंग्रजांनी ती आखडती घेतली आणि त्याच निधीतून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. 1849 मध्ये सुधारकांनी अर्ज केला, की यातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांना द्यावा. सनातनी खवळले. अर्जदारांच्या पाठराखणीला जोतीराव फुले कष्टकरी माणसं घेऊन गेले, असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली.

आता खरी गंमत. 1855 मध्ये याच कमिटीकडे फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक पाठवलं. दानाच्या नावाखाली जोशी एका कुणबी जोडप्याला कसा नागवतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारलं. भट सभासदांपुढे युरोपियनांचं काही चाललं नाही, अशा अर्थाची तक्रार फुल्यांनी ‘गुलामगिरी’त केली आहे. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी मूळ हिशेबच मांडला: सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर. दक्षिणेची थैलीही अशाच महसुलातून भरत होती. तळेगाव, पुणे, मुंबई सरकार असे दाते बदलत गेले, भरणारा कुणबी तोच राहिला.

‘तृतीय रत्न’ फुल्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही.